स्ट्रॅट की लेस पॉल? थांब, आधी ॲम्पचं बोल

मावसभाऊ दोन महिने डोकं खातोय, पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय, स्ट्रॅट घेऊ की लेस पॉल, आणि ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) काय, उरलेल्या पैशात येईल तो. इथेच गडबड आहे, म्हणून त्यालाच सगळं एकदाच लिहून टाकतो.

फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची, तीन सिंगल कॉइल पिकअप (पिकअप म्हणजे तारेचं कंपन टिपणारं चुंबक, इथे एकेका कॉइलचं), स्केल म्हणजे तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच, आवाज खणखणीत, प्रत्येक तार सुटी ऐकू येते. गिब्सनची लेस पॉल १९५२ ची, पण तिचा जाडजूड आवाज म्हणून जो आपल्या कानात बसलाय तो १९५७ मधे हंबकर, म्हणजे दोन कॉइलचे पिकअप, आले त्यानंतरचा. स्केल पावणेपंचवीस, म्हणजे तारा जरा सैल लागतात, बेंडला, म्हणजे तार बोटाने ओढून सूर चढवायला, सोपं, पण वजन असतं बरं का, उभ्याने तासभर वाजवून बघ मग खांदा काय म्हणतो ते सांग.

सिंगल कॉइलची एक कटकट म्हंजे गुणगुण. माझ्या खोलीत फॅनचा रेग्युलेटर दोनवर असला की ॲम्पमधे भुंगा शिरल्यासारखं होतं, मग मी गिटार मांडीवर घेऊन खुर्ची हळूहळू दाराकडे फिरवतो आणि एका ठराविक कोनात भुंगा गप्प. हंबकरमधे दोन उलट्या कॉइल ती गुणगुण आपापसातच मारून टाकतात, म्हणून तर नाव हंबकर, हम म्हणजे गुणगुण.

खिसा तेवढा नसेल तर फेंडरचंच स्क्वायर, गिब्सनचंच एपिफोन. दोन्हीचा मोह असेल तर यामाहा पॅसिफिका ११२, ब्रिजला, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या टोकाला, हंबकर, बाकी दोन सिंगल कॉइल. मी हीच घे म्हणतो.

आता ॲम्प. दुकानात एकच गिटार आधी छोट्या स्पीकरच्या प्रॅक्टिस ॲम्पला लाव आणि मग १२ इंची स्पीकरला, तुलाच कळेल पैसे कुठे घालायचे ते. फेंडरचा डीलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा, क्लीन, म्हणजे न फाटणाऱ्या, आवाजाला तोड नाही. मार्शलचा १९६२ चा पहिला जेटीएम ४५ फेंडरच्या बासमन ॲम्पच्याच सर्किटवरून केलेला, पण पोरगं भलत्याच वळणाचं निघालं. पण असल्या ट्यूब ॲम्पची (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) खरी मजा व्हॉल्यूम चढवल्यावर, आणि वन बीएचकेत २२ वॅट चढवलास तर सेक्रेटरी दारात. वॅट निम्मे केले म्हणून आवाज निम्मा होत नाही, जेमतेम ३ डेसिबल उतरतो. म्हणून बॉस कटाना ५०, ट्यूब नाही त्यात, पण १२ इंची स्पीकर आहे आणि ५०, २५ नि अर्धा वॅट असं बदलता येतं, रात्री अर्ध्यावर वाजव.

अमेरिकेतून काका ॲम्प आणतायत म्हणालास, तर मागे व्होल्टेज वाचायला सांग. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० ला व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागणार, थेट प्लग लावायचा नाही.

परवा फोनवर पॅसिफिका आणि कटाना नक्की झालं. आता लाल की काळी यावर आठवडा गेलाय.