जर्मनी सोडण्याआधीचे आठवडे आणि डॉइचलांड तिकीट: वापरानंतरचा अनुभव

परतीचं विमान ठरलं की जर्मनीतल्या आपल्या लोकांच्या घरात एक यादी निघते. पॅरिस राहिलं, प्राग राहिलं, स्वित्झर्लंड तर राहिलंच. माझं म्हणणं सरळ आहे: शेवटच्या आठवड्यांत ती यादी बाजूला ठेवा आणि ज्या देशात राहिलात तो नीट बघून घ्या. त्यासाठी डॉइचलांड तिकिटासारखं (देशभरातल्या रीजनल गाड्या आणि शहर वाहतुकीचा मासिक पास) दुसरं साधन मला तरी सापडलं नाही. मी कोलोनला राहत होते. तिकीट घेतलं ते ऑफिसला जाण्यायेण्यासाठी, पण त्याचा खरा उपयोग झाला तो निघायच्या आधीच्या दिवसांत. काय आवडलं, काय खटकलं आणि कुठे जावं, हे सगळं एकत्रच लिहिते आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये सरकारने महिन्याला ९ युरोंचं तिकीट काढून पाहिलं होतं. त्यानंतर १ मे २०२३ पासून ४९ युरोंचं डॉइचलांड तिकीट सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये ते ५८ युरो झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३. त्यात देशभरातल्या सगळ्या रीजनल गाड्या, एस-बान (उपनगरी रेल्वे), ऊ-बान (मेट्रो), ट्राम आणि शहरातल्या बस येतात. आयसीई, आयसी, युरोसिटी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. डबा दुसऱ्या वर्गाचा. तिकीट नावावर असतं, त्यामुळे मैत्रिणीला एका दिवसासाठी देता येत नाही, आणि तपासनीस ओळखपत्र मागू शकतो.

भाववाढीबद्दल लोक कुरकुर करतात, ते बरोबरच आहे. तरी महिन्यात दोन-तीन लांबच्या फेऱ्या झाल्या की पैसे वसूल होतात. मला मात्र पैशांपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटली. जायच्या आधीचे दिवस कसे असतात ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना माहीत आहे: घराच्या भिंती रंगवून द्यायच्या, सोफा विकायचा, करार रद्द करायचे, बॅगांचं वजन करायचं. अशात सहलीचं आगाऊ बुकिंग करून ठेवलं तर हमखास त्याच दिवशी कोणीतरी कपाट न्यायला येणार असतं. हे तिकीट खिशात असलं की सकाळी उठून खिडकीतून आभाळ बघायचं आणि निघायचं. रविवार तर त्यासाठीच ठेवावा. दुकानं बंद, कचेऱ्या बंद, भिंतीला भोक पाडायचीही सोय नाही.

आता जागा. पहिली शिफारस ऱ्हाईनच्या काठाने जाणाऱ्या आरबी २६ या गाडीची. ती कोलोनहून बॉन, कोब्लेंझ करत माइंट्सला जाते, नदीच्या डाव्या तीराने. कोब्लेंझ ते बिंगेन हा दरीचा पट्टा २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इथून वेगवान गाडीने जाऊ नका, ही पॅसेंजर प्रत्येक गावात थांबते तेच तिचं वैशिष्ट्य. माइंट्सच्या दिशेने जाताना डावीकडची खिडकी पकडा, नदी त्याच बाजूला असते. बॉन मागे पडलं की पलीकडच्या तीरावर ड्राखेनफेल्सचा डोंगर दिसतो. कोब्लेंझनंतर दरी अरुंद होत जाते आणि मग दर वळणाला एक किल्ला. ब्राउबाखच्या वरचा मार्क्सबुर्ग ओळखता येईल इतका वेगळा आहे, कारण बाकी बरेच किल्ले पडून नंतर बांधून काढलेले, हा मात्र मूळ रूपात टिकून राहिला. सांक्ट गोआर आलं की समोर लोरेलायचा कडा. पाण्यापासून साधारण १३२ मीटर उंच, खाली नदीला तीव्र वळण. पुढे काउबसमोर नदीच्या मधोमध एक छोटा किल्ला उभा आहे, जहाजांकडून जकात वसूल करण्यासाठी बांधलेला. गाडी जरा हळू झाली तर त्याचं टोकदार निमुळतं तोंड स्पष्ट दिसतं, प्रवाह अंगावर घेऊन बाजूला सारणारं. एकीकडे मालवाहू बार्ज प्रवाहाविरुद्ध सावकाश वर चढत असतात, पलीकडच्या तीरावरून मालगाडी धडधडत जाते, आणि त्याच्या वर द्राक्षांचे मळे इतक्या उभ्या चढावर की तिथे माणूस उभा कसा राहत असेल असं वाटतं.

उतरायचं असेल तर बाखाराखला उतरा. लाकडी चौकटीची घरं, गावकोसाची भिंत, आणि द्राक्षमळ्यांतून चढत जाणारी वाट थेट श्टालेक किल्ल्यापर्यंत. हा किल्ला आता युथ हॉस्टेल आहे. अंगणातून नदीचं जे दृश्य दिसतं त्यासाठी मी ऱ्हाईनवरची बोटीची सहलही सोडून देईन. बोपार्डला पाळण्याच्या लिफ्टने वर जाऊन नदीचं मोठं वळण बघता येतं, पण तिचं तिकीट वेगळं. शरद ऋतूत, पानं पिवळी झाली की हा पट्टा सगळ्यात सुंदर असतो.

वुप्परटालची लटकती रेल्वे ही दुसरी. १९०१ मध्ये सुरू झालेली, १३.३ किलोमीटर लांब, २० स्टेशनं, आणि आजही लोक तिने रोज कामावर जातात. रूळ डोक्यावर, डबा खाली लोंबकळतो, आणि बराचसा मार्ग वुप्पर नदीच्या पात्रावरून. डॉइचलांड तिकीट चालतं. आई भारतातून आली होती तेव्हा तिला घेऊन गेले. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढणीच्या जागा बादच होत्या. आम्ही शेवटच्या बाजूला बसलो, तिथे मागची पूर्ण काच असते. वळणावर डबा बाहेरच्या बाजूला झुकला तशी आईने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "अगं, खाली काही नाहीच की!" पुढच्या स्टेशनापर्यंत तिची भीती गेली आणि ती लोकांच्या गॅलऱ्यांमधल्या कुंड्या दाखवायला लागली. फोविंकेलच्या बाजूला गाडी नदी सोडून सरळ रस्त्यावरून जाते, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या अगदी जवळून सरकतात. १९५० मध्ये टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू जाहिरातीसाठी या गाडीत चढवलं होतं आणि ते घाबरून नदीत उडी मारून वाचलं, ही गोष्ट आईला इतकी आवडली की घरी फोनवर सगळ्यांना तीच सांगितली. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला अर्धा तास लागतो. ज्येष्ठ मंडळींसोबत यापेक्षा चांगला अर्धा दिवस मला सुचवता येणार नाही.

लांबच्या शहरांबाबत माझं मत स्पष्ट आहे. कोलोनहून हॅम्बुर्ग किंवा म्युनिक रीजनल गाड्यांनी करू नका. फुकट पडतं हे खरं, पण गाड्या बदलण्यात आख्खा दिवस जातो, आणि शेवटच्या आठवड्यांत दिवस पैशांपेक्षा महाग असतो. तिथवर आयसीईचं स्वस्तातलं तिकीट किंवा रात्रीची बस घ्या आणि पोचल्यावर डॉइचलांड तिकीट बाहेर काढा.

हॅम्बुर्गला ते सगळ्यात कामी आलं. बंदरात फिरवणाऱ्या पर्यटक बोटी महाग असतात, पण लांडुंग्सब्रुकनहून सुटणारी ६२ नंबरची फेरी शहर वाहतुकीचाच भाग आहे, त्यामुळे तिकिटात येते. वरच्या डेकवर बसायचं, फिंकनवेर्डरपर्यंत जायचं, येताना नॉयम्युलेनला उतरून एल्ब नदीच्या वाळूत पाय टाकून बसायचं. समोर कंटेनरची जहाजं आणि क्रेन. त्याच धक्क्याजवळ १९११ चा जुना एल्ब बोगदा आहे, नदीखालून पायी पलीकडे नेणारा आणि पादचाऱ्यांना फुकट. पलीकडे गेल्याशिवाय परत फिरू नका, हॅम्बुर्गचं खरं दर्शन त्या काठावरून होतं. वेळ असेल तर तिथून आरई ६ या रीजनल गाडीने ज्युल्ट बेटावर जा. १९२७ मध्ये बांधलेल्या ११ किलोमीटरच्या बांधावरून गाडी जाते, दोन्हीकडे समुद्र किंवा ओहोटी असेल तर चमकणारा चिखल. त्या बांधावर मोटाररस्ता नाहीच, गाड्यासुद्धा रेल्वेवर चढवून नेतात.

बर्लिनमध्ये १०० नंबरची बस सगळेच सांगतात आणि ते योग्यच आहे: झू स्टेशनपासून अलेक्झांडरप्लात्सपर्यंत विजयस्तंभ, राइश्टाग (संसदेची इमारत), उंटर डेन लिंडेन सगळं एका डबलडेकरमधून. राइश्टागच्या घुमटावर जायला पैसे पडत नाहीत, मात्र आधी नोंदणी करा आणि पासपोर्ट सोबत ठेवा.

पण मराठी माणसाने बर्लिनमध्ये आणखी एक ठिकाण बघावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते कुठल्याच सहलीच्या यादीत नसतं. ऊ ३ ने 'फ्राय उनिव्हेर्सिटेट' स्टेशनला उतरा. तिथून जवळच ईनश्ट्रासे २२ ही इमारत आहे. आज विद्यापीठाची, पण १९२७ पासून तिथे मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था होती. इरावतीबाई कर्वे इथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. कवटीची असमानता वंशाशी जोडता येते, असं फिशर यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष मांडला, तोही त्याच मार्गदर्शकासमोर. पुढे हीच संस्था नाझींच्या वंशविज्ञानाची आधार बनली आणि आउश्वित्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर मेंगेले इथे मानवी अवशेष पाठवत होता. इमारतीवर त्याची आठवण करून देणारी पाटी आहे. बघायला म्हणून तिथे काही नाही, एक शांत रस्ता, झाडं, सायकली लावणारे विद्यार्थी. मी मात्र तिथे बराच वेळ उभी होते. विशीतली एक मराठी मुलगी परक्या भाषेत, परक्या देशात, अधिकारपदावरच्या प्राध्यापकाला आकड्यांनी उत्तर देते, हे कुठे घडलं ते डोळ्यांनी बघायला मिळालं.

दक्षिणेबद्दल थोडक्यात. नॉयश्वानश्टाइन राजवाडा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा झाला आणि गर्दी तुफान आहे. म्युनिकहून फ्युसेन आणि पुढची बस तिकिटात येते. आतली फेरी छोटी असते आणि तिचं बुकिंग आधीच भरतं, त्यामुळे ते मिळालं नाही तर हळहळू नका. मारियन पुलावरून बाहेरून बघितलेला राजवाडाच लक्षात राहतो. एकच दिवस असेल तर मी क्योनिगझे तलाव निवडेन. बेर्ख्टेसगाडेनपर्यंत गाडी, पुढे बस. तलावावर १९०९ पासून विजेवर चालणाऱ्याच बोटी आहेत, म्हणून पाण्यावर आवाजच नसतो. मध्ये बोट थांबवून नावाडी कर्णा वाजवतो आणि कड्यावरून प्रतिध्वनी येतो. बोटीचे पैसे वेगळे. म्युनिकहून आरई ५ ने साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंतही हेच तिकीट चालतं, मात्र शहरातल्या बसला नाही. पूर्वेकडे असाल तर ड्रेस्डनहून एस १ ने राथेनला जाऊन बास्टाईचा दगडी पूल बघा. एल्बच्या १९४ मीटर वरच्या कड्यावरचा, १८५१ चा.

आता खटकलेलं. उन्हाच्या शनिवारी रीजनल गाड्यांत उभं राहायला जागा नसते आणि सायकलींनी दरवाजे अडतात. उशीर नेहमीचा. सगळ्यात त्रासाचं म्हणजे दुरुस्तीसाठी बंद असलेले मार्ग. हॅम्बुर्ग–बर्लिनसारखा मोठा मार्ग ऑगस्ट २०२५ पासून कित्येक महिने पूर्ण बंद ठेवला गेला. अशा वेळी स्टेशनवर 'एसईफाऊ' लिहिलेलं दिसलं की समजायचं, आता बदली बस. ती कुठून सुटते ते शोधण्यात वेळ जातो, म्हणून आदल्या रात्री मार्ग तपासाच. परतीची शेवटची गाडी धरायचा बेत कधीच करू नका, तिच्या आधीची धरा. आणि तिकीट फोनवर असेल तर पॉवरबँक जवळ हवीच. मी पुढे चिपचं कार्ड घेतलं, ते जास्त निश्चिंत.

निघणाऱ्यांनी सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे रद्द करण्याची तारीख. हे मासिक वर्गणीचं तिकीट आहे. १० तारखेपर्यंत कळवलं तरच त्या महिनाअखेर बंद होतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. रद्द केल्याची ईमेल जपून ठेवा. बँक खातं शेवटची वर्गणी जाऊन घराचं डिपॉझिट येईपर्यंत चालू ठेवा. अबमेल्डुंग (राहत्या पत्त्याची सरकारी नोंद रद्द करणं) निघायच्या एक आठवडा आधीपासूनच करता येतं, म्हणून त्या शेवटच्या आठवड्यात लांबची सहल ठेवू नका, जवळचा अर्धा दिवस ठेवा. विमान पुढच्या महिन्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांत असेल तर आख्ख्या महिन्याची वर्गणी भरण्यापेक्षा त्या दिवसांपुरती सुटी तिकिटं परवडतात.

आई-बाबा किंवा सासू-सासरे आले असतील तर प्रत्येकाचं डॉइचलांड तिकीट काढण्याआधी हिशेब करा. एखाद-दोन दिवसच फिरायचं असेल तर बायर्न तिकिटासारखं राज्याचं दिवसाचं तिकीट पाच जणांपर्यंत चालतं आणि स्वस्त पडतं. फक्त कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतर लागू होतं. सहा वर्षांखालच्या मुलांना काहीच लागत नाही. विमानतळावर जायच्या दिवशी मात्र मोठ्या बॅगा घेऊन रीजनल गाडीच्या भानगडीत पडू नका. तिकीट चालत असलं तरी त्या दिवशी आयसीईचे किंवा टॅक्सीचे पैसे घाला.