अपाचे सर्व्हर आणि गावातलाच इंटरनेट पुरवठादार : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या डिसेंबरात त्रिमूर्तीनगरातील आमच्या घरी, ४ जीबी मेमरीच्या एका जुन्या संगणकावर मी अपाचे (मागणी आली की संकेतस्थळाची पाने पाठवणारे मोफत सर्व्हर सॉफ्टवेअर) बसवला आणि वस्तीतील वाचनालयाची ग्रंथसूची त्यावरून कोणालाही पाहता येईल अशी सोय केली. जोडणी नागपुरातल्याच एका लहान पुरवठादाराची, १०० एमबीपीएसची फायबर. केवळ वेग मोजून जोडणीची पारख होत नाही, हे मला घरून सर्व्हर चालवू लागल्यावर कळले.

पहिली अडचण इंटरनेटवरील पत्त्याची, म्हणजे आयपी क्रमांकाची आली. घरात सूची नीट दिसत होती, पण वाचनालयातून उघडत नव्हती. राउटरमध्ये पाहिले, तर बाहेरचा म्हणून दाखवलेला पत्ता १००.६४ ने सुरू होत होता. अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवता यावे म्हणून २०१२ साली हा पट्टा पुरवठादारांसाठी राखून ठेवण्यात आला. त्याने आपल्याला बाहेरची संकेतस्थळे पाहता येतात, पण बाहेरच्याला आपल्यापर्यंत पोहोचता येत नाही. वेगळे पैसे भरून स्थिर पत्ता मागितला आणि तो दोन दिवसांत मिळाला. अपलोडचा वेगही डाउनलोडइतकाच आहे, आणि सर्व्हरसाठी तोच महत्त्वाचा.

अपाचेबद्दल माझी एकच तक्रार आहे. मार्चमध्ये एका रात्री शोधयंत्रांच्या बॉटनी, म्हणजे आपोआप पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमनी, सूचीतील पानांमागून पाने मागायला सुरुवात केली. माझा अपाचे ज्या प्रीफोर्क पद्धतीने चालतो, तीत एका वेळच्या प्रत्येक मागणीला स्वतंत्र प्रक्रिया लागते आणि त्यांची मूळ मर्यादा २५६ असते. त्यात सूचीची पाने तयार करणारी पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा जोडलेली असल्याने मेमरी भरून संगणक जागीच थिजला. मर्यादा ४० वर आणली, त्यानंतर तसे पुन्हा घडलेले नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. दुपारी सूची उघडत नाही, असे वाचनालयातील ताई सांगायच्या आणि पुरवठादाराच्या कार्यालयातून दर वेळी ‘लाइन बरोबर आहे, राउटर बंद करून चालू करा’ एवढेच उत्तर मिळायचे. सर्व्हर बाहेरून उघडतो का हे कळावे म्हणून पुण्यातील माझ्या मित्राचा संगणक दर पाच मिनिटांनी माझ्या सर्व्हरकडून एक छोटे पान मागतो. अपाचेच्या नोंदवहीत अशा प्रत्येक मागणीची एक ओळ पडते : कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणते पान, उत्तराचा क्रमांक, किती बाइट. ओळीचा हा साचा अपाचेच्याही आधीचा, एनसीएसए या अमेरिकेतील संगणन केंद्राच्या एचटीटीपीडी सर्व्हरचा आहे. तो सर्व्हर लिहिणारे रॉब मॅकूल १९९४ मध्ये तेथून गेल्यावर काम थंडावले, तेव्हा वापरणाऱ्यांनीच आपापल्या दुरुस्त्या एकत्र आणून १९९५ मध्ये अपाचे उभा केला. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेही त्याच वर्षी, १५ ऑगस्टला.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाल्यावर मी तीन दिवसांच्या नोंदी छापून काढल्या. तिन्ही दिवस साधारण दीड वाजता मित्राच्या ओळी थांबत होत्या आणि साडेचारनंतर पुन्हा सुरू होत होत्या; संगणक मात्र यूपीएसवर अखंड चालू होता. तो कागद पाहून लाइनमनदादा स्वतः आमच्या गल्लीतील एका इमारतीच्या गच्चीवर गेले, मीही सोबत गेलो. पत्र्याच्या पेटीत ठेवलेला स्विच हात लावता येणार नाही इतका तापला होता आणि त्याचा पंखा धुळीने बंद पडला होता. त्यांनी पेटी जिन्याखाली सावलीत हलवली आणि पंखा बदलला. त्यानंतर पारा ४५ अंशांवर गेला, तरी दुपारच्या ओळी तुटल्या नाहीत.

केंद्र सरकारच्या १९९८ च्या इंटरनेट धोरणाने खासगी पुरवठादारांना वाट मोकळी करताना जवळपास एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रापुरता ‘सी’ वर्गाचा परवानाही ठेवला होता, आणि तो ठेवला हे फार चांगले झाले असे मला मनापासून वाटते. गल्लीतला स्विच कोणत्या गच्चीवर आहे हे ठाऊक असलेला माणूस तासाभरात दारात येतो, याला मी वेगापेक्षा जास्त गुण देतो. कार्यालयातील उत्तरे मात्र सुधारायला हवीत. तीन आठवडे माझ्या राउटरला दोष देण्यात गेले.

पावसाळ्यात जोडणी दोनदा तुटली, दोन्ही वेळा झाडाच्या फांदीने, आणि त्याच दिवशी जुळली. आयपीव्ही ६ चा, म्हणजे नव्या, जास्त लांबीच्या पद्धतीचा पत्ता अजून मिळालेला नाही, मागणी लेखी दिली आहे. वर्षाचे पैसे मी पुन्हा भरले आहेत, आणि ती पेटी जिन्याखालीच राहील असे पावतीवर लिहून घेतले आहे.