आयटीपी आणि पूर्वीचा हेपॅटायटिस बी : रिटुक्सिमॅब की प्लेटलेट वाढवणारी औषधे?

आयटीपी या आजारात रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी होतात. स्टिरॉइडचा डोस कमी करताच त्या पुन्हा वीस हजारांच्या खाली येतात, दुसऱ्या टप्प्यातील उपचार निवडण्याची वेळ येते, आणि त्याआधी केलेल्या रक्ततपासणीत ‘एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन) निगेटिव्ह, अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह’ असा निष्कर्ष हाती येतो. ज्यांना आयुष्यात कधी कावीळ झाल्याचे आठवतही नाही, अशा अनेकांच्या बाबतीत हे घडते. याचा अर्थ इतकाच, की हेपॅटायटिस बीचा संसर्ग कधीतरी होऊन गेला आणि शरीराने तो आटोक्यात आणला. परंतु विषाणूचा जनुकीय अंश यकृताच्या पेशींच्या केंद्रकात आयुष्यभर टिकून राहू शकतो आणि त्याच्यावर पहारा ठेवण्याचे काम रोगप्रतिकारशक्तीच करीत असते. आयटीपीमध्ये हीच प्रतिकारशक्ती प्लेटलेट नष्ट करते. म्हणूनच तिला दाबणारे औषध (रिटुक्सिमॅब) निवडायचे की तिला हात न लावता प्लेटलेटचे उत्पादन वाढवणारे, हा प्रश्न अशा रुग्णासाठी अधिक वजनदार ठरतो.

निवडीकडे वळण्यापूर्वी तो निष्कर्ष खरा आहे का, हे पाहणे अत्यंत आवश्यक आहे. आयव्हीआयजी हे प्लेटलेट झटपट वाढवण्यासाठी शिरेतून दिले जाणारे अँटीबॉडींचे औषध हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून तयार होते, त्यामुळे दात्यांच्या अँटी-एचबीसी अँटीबॉडी रुग्णाच्या रक्तात उतरतात आणि ज्याला हा संसर्ग कधीच झाला नाही त्याचाही अहवाल काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकतो. आयव्हीआयजीची पहिली बाटली लावण्याआधीच हेपॅटायटिस बीच्या तपासणीसाठी रक्त काढून ठेवले, तर हा घोळ होतच नाही. रक्तस्रावाच्या धावपळीत नेमकी हीच गोष्ट राहून जाते, याची मला मनापासून खंत वाटते. जुना अहवाल उपलब्ध नसेल आणि उपचार थांबवता येत असतील, तर काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. थांबणे शक्य नसेल, तर संसर्ग होऊन गेला आहे असेच धरून चालणे सुरक्षित असते. एचबीव्ही डीएनएची, म्हणजे रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का हे पाहणारी, तपासणी दोन्ही परिस्थितींत करून घ्यावी.

रिटुक्सिमॅबचे आकर्षण समजण्यासारखे आहे. सहसा आठवड्याला एक याप्रमाणे चार वेळा ते शिरेतून दिले जाते, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांच्या प्लेटलेट सुरुवातीला वाढतात. मात्र पाच वर्षांनंतरही तो परिणाम टिकून राहणारे रुग्ण साधारण चौथा-पाचवा हिस्साच असतात. हे औषध अँटीबॉडी तयार करणाऱ्या बी-पेशी नाहीशा करते, म्हणजे विषाणूवरील पहाऱ्याचा एक महत्त्वाचा भाग कित्येक महिन्यांसाठी काढून घेते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये याच कारणासाठी त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला, आणि तेथील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, केवळ अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांनाही रिटुक्सिमॅब घेताना विषाणू पुन्हा जागृत होण्याच्या उच्च, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक, धोक्याच्या गटात ठेवले आहे. यामागचा बराचसा अनुभव लिम्फोमा या कर्करोगाच्या रुग्णांचा आहे हे खरे. तरीही विषाणू जागृत झाल्यास यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते, त्यामुळे सूट घेण्यासारखी ही जागा नव्हे. अँटी-एचबीएस या संरक्षक अँटीबॉडीची पातळी चांगली असेल तर धोका कमी होतो, पण संपत नाही, कारण रिटुक्सिमॅबनंतर तीही घसरू शकते.

म्हणून रिटुक्सिमॅब निवडल्यास एंटेकाविर किंवा टेनोफोविर ही विषाणूविरोधी गोळी आधीपासून सुरू करावी लागते आणि शेवटच्या डोसनंतर किमान १२, काही मार्गदर्शक सूचनांनुसार १८ महिने चालू ठेवावी लागते. गोळी थांबवल्यानंतरही सुमारे वर्षभर रक्त तपासत राहावे लागते. एंटेकाविर रिकाम्या पोटी, जेवणाच्या आधी व नंतर दोन-दोन तासांचे अंतर ठेवून घ्यायचे असते. गोळी नियमित घेतली तर संरक्षण उत्तम मिळते. तेव्हा जुन्या संसर्गामुळे रिटुक्सिमॅबचे दार बंद होत नाही. महिन्याभराचा वाटणारा उपचार प्रत्यक्षात, तपासण्या धरून, दोन ते अडीच वर्षांचा होतो.

दुसऱ्या बाजूला एल्ट्रोम्बोपॅग, रोमिप्लोस्टिम आणि अ‍ॅव्हाट्रोम्बोपॅग ही औषधे अस्थिमज्जेला प्लेटलेट तयार करण्यास उद्युक्त करतात आणि प्रतिकारशक्ती दाबत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासोबत विषाणूविरोधी गोळी सहसा लागत नाही. बहुतेक रुग्णांना गुण येतो. परंतु ती दीर्घकाळ घ्यावी लागतात आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका विचारात घ्यावा लागतो. यांत एल्ट्रोम्बोपॅगची गोष्ट वेगळी आहे. त्याने यकृताची एन्झाइम वाढू शकतात, आणि संसर्ग होऊन गेलेल्या रुग्णाची एएलटी (त्यांपैकीच एक एन्झाइम) वाढली की दोष औषधाचा की विषाणूचा, हे एचबीव्ही डीएनए तपासल्याशिवाय सांगता येत नाही. रोमिप्लोस्टिम आठवड्यातून एकदा त्वचेखाली टोचावे लागते, अ‍ॅव्हाट्रोम्बोपॅगची गोळी अन्नासोबत घेता येते, आणि या दोहोंत यकृताबाबतचा हा संभ्रम फारसा उद्भवत नाही.

माझ्या मते, इतर बाबी समान असतील तर अशा रुग्णाने प्रथम या दुसऱ्या गटाचा, त्यातही एल्ट्रोम्बोपॅगव्यतिरिक्त पर्यायांचा विचार करावा. मात्र ज्याला पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे किंवा दीर्घकाळ चालणारे औषध परवडणारे नाही, त्याच्यासाठी विषाणूविरोधी गोळीसह रिटुक्सिमॅब ही न्याय्य निवड आहे. अट एवढीच, की गोळी न चुकवण्याची आणि तपासणीला येत राहण्याची खात्री हवी.

प्लीहा काढण्याच्या शस्त्रक्रियेने सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना टिकाऊ गुण येतो आणि ती विषाणूला तशी मोकळीक देत नाही, पण जंतुसंसर्गाचा धोका आयुष्यभर राहतो. पुढे कधी ही वेळ येण्याची शक्यता असेल तर न्यूमोकोकस व मेनिंगोकोकसच्या लसी रिटुक्सिमॅबपूर्वीच घ्याव्यात, कारण त्यानंतर निदान सहा महिने लसींना पुरेसा प्रतिसाद मिळत नाही.

स्टिरॉइडही या हिशेबातून सुटत नाहीत. डेक्सामेथासोनच्या चार दिवसांच्या कोर्सचा धोका अल्प असतो. चार आठवड्यांहून अधिक काळ मध्यम किंवा मोठ्या मात्रेत प्रेडनिसोलोन चालणार असेल, तर विषाणूविरोधी गोळी सुरू करावी किंवा दर एक ते तीन महिन्यांनी एएलटी, एचबीएसएजी व एचबीव्ही डीएनए पाहावेत. रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसची तारीख मात्र रुग्णाने स्वतःच्या फायलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, कारण विषाणूविरोधी गोळी कधी थांबवायची हे त्याच तारखेपासून मोजले जाते, आणि तोपर्यंत उपचार करणारे डॉक्टर बदललेले असू शकतात.