खेळताना हात मोडला: प्लास्टर की ऑपरेशन?

मैदानावर पडताना मूल हात टेकतं आणि बहुतेक वेळा मनगटाजवळचं हाड मोडतं. घरात लगेच प्रश्न येतो, प्लास्टर पुरेल की तार घालावी लागेल?

मुलांचं हाड वाढतं असतं. त्यामुळे वाढीच्या टोकाजवळचा थोडा बाक, विशेषतः 10 वर्षांच्या आत, महिन्यांत आपोआप सरळ होतो. एक्स-रेमध्ये वाकडं दिसलं म्हणून हबकू नये. हाड पिळलं गेलं असेल तर तो पीळ मात्र आपोआप सुटत नाही. प्लास्टर साधारण 4 ते 6 आठवडे. पहिल्या आठवड्यात हाड सरकू शकतं, म्हणून पुन्हा एक्स-रे काढतात. हा खर्च वाचवू नका. (खाज सुटली की पोरं प्लास्टरच्या आत फूटपट्टी घालतात. ती काढून घ्या, जखम होते.) बोटं सुन्न झाली किंवा दुखणं वाढतच गेलं तर त्याच रात्री दवाखाना गाठा.

ऑपरेशनचं बिल एका आकड्यात कळत नाही. भूल, थिएटर, मुक्काम, शिवाय हाडात सळई बसवली तर काही महिन्यांनी ती काढायला पुन्हा भूल. हा दुसरा खर्च आधीच विचारा. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल किंवा जागेवर टिकतच नसेल, तर ऑपरेशन टाळण्यात काटकसर नाही.

हाड नुसतं दबलं असेल तर दोन्ही नको. काढता येणारा पट्टा 3 आठवडे पुरतो.

माझा कल प्लास्टरकडे. सोळा वर्षांच्या मुलासाठी मी प्लास्टर इतक्या सहज सांगणार नाही, वाढ संपत आलेली असते.