दोन इंच लिफ्ट केलेली जिप्सी: आवाज आणि थरथर यांचा माग काढताना आलेला अनुभव

माझ्या मारुती जिप्सीला दोन इंच उंची देणारे लिफ्ट किट बसवून आता एक पूर्ण पावसाळा आणि त्यामागचा हिवाळा उलटला आहे. या काळात गाडी रोज नाशिकच्या अंबड आणि सातपूरच्या कामाच्या फेऱ्यांना गेली आणि सुट्टीच्या दिवशी पेठ रस्त्यावरचा सावळ घाट, इगतपुरीकडचा भावली धरणाचा परिसर आणि हरिहरच्या पायथ्याच्या चिखलवाटा तिने पाहिल्या. उंचीच्या बाबतीत किट दिलेला शब्द पाळते. खाली घासणारे दगड आणि चाकोरीतला मधला उंचवटा यांचा त्रास जवळपास संपला. मात्र त्या उंचीमुळे प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाचा जोर धुरीकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) कोनांत जो बदल होतो त्याची दुरुस्ती या किटमध्ये दिलेली नाही, आणि ती केल्याशिवाय गाडी महामार्गावर नेण्यायोग्य राहत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

किट बसवल्यानंतर लगेचच ताशी ६५ ते ७५ किलोमीटरच्या दरम्यान सीटखालून एक बारीक, दाट थरथर येऊ लागली. वेग वाढवण्यासाठी ॲक्सिलरेटर दाबला की ती वाढायची आणि पाय उचलला की बरीच ओसरायची. शिवाय पहिल्या गिअरमध्ये चढावर गाडी उचलताना मागून दोन-तीन हिसके बसायचे. ज्या गॅरेजमध्ये काम झाले तेथील मिस्त्रींनी सांगितले, “दादा, लिफ्ट केलेली गाडी थोडी थरथरणारच, सवय होईल.” हे उत्तर मला मुळीच पटले नाही. थरथरीला कारण असते आणि ते मोजता येते. सवय करून घेतल्याने क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याच्या) सुईदार बेअरिंगवर आणि पिनियनच्या (शाफ्ट जिला जोडलेला असतो त्या धुरीतील छोट्या दंतचक्राच्या) सीलवर पडणारा ताण कमी होत नाही.

अशा तक्रारीत सुटे भाग बदलत सुटण्यापेक्षा थरथर कोणत्या फिरत्या भागाच्या गतीशी जुळते हे आधी ठरवावे. माझ्या २१५/७५ आर १५ टायरचा घेर सुमारे २.२ मीटर आहे. ताशी ७० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळपास ९ फेरे घेते. डिफरन्शियलचे (शाफ्टचा जोर चाकांना देणाऱ्या धुरीतील दंतचक्रांचे) गुणोत्तर चारच्या आसपास धरले तर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला सुमारे ३५ फेरे घेतो. क्रॉस कोनात फिरत असेल तर शाफ्टची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते, त्यामुळे कोन बिघडल्याची थरथर सेकंदाला सुमारे ७० वेळा येते. म्हणजे चाकाचे बॅलन्सिंग चुकले असेल तर ९ च्या आसपासचा जाड हेलकावा जाणवेल, शाफ्टचे बॅलन्सिंग गेले असेल तर ३५ चा आकडा दिसेल आणि कोनांचा मेळ नसेल तर ७० चा. मोबाईलमधील कंपने मोजणारे ॲप यासाठी पुरेसे ठरते; फक्त फोन सेकंदाला किमान दोनशे नोंदी घेतो याची खात्री करून घ्यावी, कारण त्याहून बऱ्याच कमी नोंदींत ७० चे कंपन खरे दिसत नाही. फोन सीटच्या पट्टीला घट्ट बांधला आणि सोबत्याला आलेख पाहायला बसवले, तेव्हा ठळक उंचवटा ७० च्या जवळ होता आणि वेग कमी केला की तोही त्याच प्रमाणात खाली सरकत होता.

चाचणीसाठी रस्ता निवडतानाही विचार करावा लागतो. नाशिक शहरातल्या उड्डाणपुलावर सांध्यांचा ठेका इतका नियमित असतो की गाडीचा आवाज त्यात मिसळून जातो. मी सकाळी लवकर ओझर ते पिंपळगाव बसवंत हा सरळ पट्टा वापरला. तेथे त्रास देणाऱ्या वेगाला रस्ता मोकळा पाहून गिअर न्यूट्रल केला. थरथर मंदावली, पण गेली नाही, म्हणून इंजिन, क्लच आणि त्यांचे माउंटिंग संशयातून बाहेर पडले. चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये त्याच वेगाला तेच कंपन मिळाले, याने तो निष्कर्ष पक्का झाला. माझ्या गाडीचे पुढचे हब (चाक धुरीला जोडणारी किंवा सोडणारी कळ) हाताने फिरवायचे आहेत. ते मोकळे ठेवले की टू-व्हीलमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर असताना) पुढचा शाफ्ट फिरतच नाही, आणि तरीही त्रास कायम होता, त्यामुळे शोध मागच्या बाजूपुरता उरला. खात्रीसाठी मागचा शाफ्ट उतरवून, हब लॉक करून, फोर-हायमध्ये (पुढच्या-मागच्या दोन्ही शाफ्टना जोर देणाऱ्या स्थितीत) केवळ पुढच्या चाकांच्या जोरावर गाडी त्याच पट्ट्यावर नेली, तेव्हा सीटखालचे कंपन नाहीसे झाले. शाफ्ट उतरवल्यावर गाडी गिअरमध्ये टाकली तरी मागची चाके धरून राहत नाहीत, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी चाकांना दोन्हीकडून दगड लावणे अत्यावश्यक आहे. शिवाय उतरवण्याआधी शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांवर एका रेषेत रंगाची खूण करावी. स्लिप जॉइंट (शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत सरकू देणारा दातेरी जोड) जोडताना एक दात जरी सरकला तरी दोन टोकांच्या योकची (क्रॉस धरणाऱ्या बेचक्यांची) जुळणी बिघडते आणि नवीच थरथर सुरू होते.

यानंतर कोन मोजले. चुंबक असलेला डिजिटल अँगल गेज या कामासाठी मी विकत घेतला आणि या साऱ्या खर्चात ती सर्वांत सार्थ खरेदी ठरली. मोजताना गाडी सपाट फरशीवर स्वतःच्या चाकांवर उभी हवी. जॅकवर लटकलेल्या हौसिंगचे (धुरीच्या कवचाचे) कोन काहीच सांगत नाहीत. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या आणि मागच्या शाफ्टला जोर वाटणाऱ्या पेटीच्या) फ्लँजचा, म्हणजे शाफ्ट जोडायच्या तबकडीचा, अक्ष मागे ३ अंश उतरता होता, शाफ्ट १० अंश उतरता होता आणि पिनियनचा अक्ष ६ अंश. म्हणजे पुढच्या क्रॉसवर ७ अंश आणि मागच्यावर केवळ ४. एका क्रॉसने निर्माण केलेला गतीचा चढउतार दुसऱ्याने तितकाच उलटा करून रद्द करायचा असतो, त्यासाठी हे दोन्ही कोन जवळपास सारखे लागतात; येथे तर ३ अंशांचा फरक होता.

हा फरक कोठून आला तेही किटकडे नीट पाहिल्यावर कळते. किटने निम्मी उंची पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) कमान वाढवून आणि निम्मी दोन इंच लांब शॅकल (पाट्याचे टोक चौकटीला टांगणारा दुवा) लावून मिळवली आहे. शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असल्याने ते टोक खाली जाते, पाटा कलतो आणि सुमारे एक मीटर लांबीच्या पाट्यावर दोन इंचांचा हा कल जवळपास ३ अंश होतो. तितकेच पिनियनचे तोंड वर उचलले जाते. शिवाय ॲक्सिलरेटर दाबल्यावर हौसिंग उलटी पिळली जाऊन पिनियन आणखी वर येतो, म्हणूनच जोर देताना थरथर वाढत होती आणि चढावर हिसके बसत होते.

उपाय म्हणून पाटा आणि हौसिंगच्या बैठकीमध्ये ४ अंशांची पोलादी पाचर बसवली. जोर पडल्यावर पिनियन वर येणार हे गृहीत धरून, उभ्या गाडीत तो समांतर स्थितीपेक्षा एक अंश खाली ठेवणे पाट्यांच्या गाडीत हिताचे असते. ॲल्युमिनियमच्या पाचरा स्वस्त मिळतात, पण दगडांवर चालणाऱ्या गाडीत त्या तडकतात, त्या घेऊ नयेत. पाचरेची जाड बाजू पुढे की मागे हे पाटा हौसिंगच्या वर आहे की खाली यावर ठरते. बसवल्यावर गेज पुन्हा लावून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट लांब लागला आणि हौसिंग पाट्याला आवळणारे यू-बोल्ट नवे घेतले. आता ७० च्या वेगाला गाडी शांत आहे आणि मोहदरी घाट चढताना हिसके येत नाहीत. ताशी ८० च्या वर एक बारीक गुणगुण शिल्लक आहे, कारण कोन सारखे झाले तरी ७ अंश हा महामार्गाच्या वेगाला मोठाच कोन आहे. सतत वेगाने फिरणाऱ्या शाफ्टसाठी तो ३ अंशांच्या आसपास असावा असा संकेत आहे. दोन इंच उंचीने सुमारे सातशे मिलिमीटर लांबीच्या शाफ्टचा कल ४ अंशांनी वाढतो, हे गणित चुकवता येत नाही. ज्यांचा प्रवास मुख्यतः महामार्गावर आहे त्यांनी डबल क्रॉसचा (एका टोकाला लागोपाठ दोन क्रॉस असलेला) शाफ्ट घ्यावा, आणि तो घेतल्यास पिनियनचे तोंड थेट ट्रान्सफर केसकडे वळवावे लागते, माझ्यासारखे समांतर नव्हे.

प्रत्येक आवाज मात्र कोनांचा नसतो. पावसाळ्याच्या अखेरीस हळू वेगाला येणारी चिर्र-चिर्र ही चिखलपाण्याने कोरड्या पडलेल्या क्रॉसची होती आणि ग्रीस भरताच थांबली. मड टायरची घुमघुम डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच बदलते, ॲक्सिलरेटरने बदलत नाही. क्राउन-पिनियनचा (धुरीतील दंतचक्रांच्या जोडीचा) हुंकार नेमका उलट वागतो. चाकाच्या बेअरिंगचा घरघराट स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे झुकवल्यावर कमी-जास्त होतो. नाशिकमध्येच तयार होणाऱ्या नव्या थारच्या मालकांनी लक्षात घ्यावे की त्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने लिफ्टचा भार प्रथम पुढच्या सीव्ही जॉइंटवर (वळतानाही चाकाला जोर पोचवणाऱ्या सांध्यावर) येतो, आणि पूर्ण वळणावर येणारी कटकट तेथील खूण आहे.

किट घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे पाचरा आणि लांब सेंटर बोल्ट आधीच मागावेत, जुन्या कोनांची नोंद किट बसवण्यापूर्वीच घ्यावी आणि नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलांत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत हेही तपासून घ्यावे. पाचर बसवल्यानंतर पहिल्या काहीशे किलोमीटरांत यू-बोल्ट सैल पडतात. ते गाडी चाकांवर उभी असताना, आडव्या क्रमाने, टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत.