ज्युपिटर-८ कॅनन पीवर: आटे जुळतात, फोकस जुळत नाही

पुण्याच्या दुरुस्तीवाल्याने "काचा गेल्यात, नवी घ्या" म्हणत माझी ज्युपिटर-८ (जुनी सोव्हिएत लेन्स) परत पाठवली, वर तपासणीचे पैसेही घेतले. काचांना काहीही झालेलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तक्रार एकच, कॅनन पी या माझ्या फिल्म कॅमेऱ्यावर एफ २ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, जवळचा माणूस धूसर येतो. साताऱ्याच्या मोती चौकातल्या पेढेवाल्या काकांचा फोटो घेतला, तेव्हा रेंजफाइंडरमधल्या (फोकस साधायच्या खिडकीतल्या) दोन्ही प्रतिमा त्यांच्या डोळ्यांवर तंतोतंत जुळवल्या होत्या. निगेटिव्हवर डोळे मऊ आणि कानशिलावरचे पांढरे केस मात्र एकेक मोजून घ्यावेत असे. लांबचा अजिंक्यतारा दर वेळी कडक. रोल, धुलाई, स्कॅनिंगचे आजचे दर बघता हे परवडत नाही. लेन्स विकायलाच काढली होती.

मग तीच मित्राच्या झोर्की-४ या सोव्हिएत कॅमेऱ्यावर लावली, तर जवळचंही चोख! तिथे माझं मत बदललं. दोष लेन्सचा नाही, जोडीचा आहे. लायका या जर्मन कॅमेऱ्याच्या मापाच्या बॉडीचा रेंजफाइंडर ५१.६ मिमी फोकल लेंथचा हिशोब धरतो, कॅनन पीचाही तोच. ज्युपिटर ही मुळात जर्मन झाइस कंपनीची सोनार लेन्स, तिचं माप ५२.४ मिमी, आणि झोर्की त्याच मापाला लावलेला. इन्फिनिटीला (अगदी लांबच्या फोकसला) दोन्ही जुळतात, पण जवळ यावं तशी फारकत वाढते. एका मीटरवर फोकस साधारण ३ सेंमी मागे पडतो. एफ ४ ला डेप्थ ऑफ फील्ड (फोकसच्या पुढेमागे जेवढं कडक दिसतं तो पट्टा) हे सांभाळून घेते, एफ २ ला नाही. "३९ मिमीचे आटे आहेत, कुठेही चालेल" म्हणून लेन्स विकणाऱ्यांनी एवढं तरी सांगायला हवं. (झेनिट या दुसऱ्या सोव्हिएत कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सचे आटेही ३९ चेच, पण त्यांना फिल्मपासून ४५.२ मिमी अंतर लागतं, आपल्याकडे २८.८. त्या घेऊच नका.)

इलाज अगदी स्वस्तात झाला. काचांचा गठ्ठा फोकसिंगच्या नळीतून फिरवून बाहेर निघतो. एमआयडीसीतल्या एका टर्नरने ०.१ मिमी पितळी पत्र्याची चकती कापून दिली, ती मध्ये बसवली, म्हणजे काचा तेवढ्या पुढे सरकल्या. आता जवळचं एफ २ वरही कडक येतं. लांबचं पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला जरा सैल पडतं, एफ ४ पासून ठीक. डोंगर मी तसेही एफ ८ वरच काढतो.

चकतीसकट ही लेन्स झोर्कीवर लावली तर जवळचा फोकस उलट पुढे पडतो. म्हणून मागच्या टोपणात "०.१ चकती, फक्त कॅनन" अशी चिठ्ठी चिकटवलीय. पुढेमागे कुणाला दिली तर ती चिठ्ठीसकटच देईन.