सॅलडची बाटली आणि टोमॅटोचा डबा: आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात डॉक्टरांनी 'मीठ सांभाळा' म्हटलं आणि मी जेवणात रोज वाडगाभर सॅलड सुरू केलं. राहतो न्यू जर्सीत. इथे हिवाळ्यातले ताजे टोमॅटो म्हणजे रबराचे चेंडू, त्यामुळे सारासाठी डबाबंद टोमॅटो घरात येतच होते. सॅलडसाठी रँच ड्रेसिंगची, म्हणजे ताक आणि मेयोनेजच्या दाटसर सॉसची, बाटलीही आली.

दोन्हींची लेबलं नीट वाचायला मला फेब्रुवारी उजाडला. बाटलीवर दोन पोह्याचे चमचे, म्हणजे 30 ग्रॅमचे आकडे होते: 130 कॅलरी, 14 ग्रॅम फॅट, 260 मिलिग्रॅम सोडियम (मिठातला जपायचा घटक तो हाच). बरं वाटलं. मग एकदा वाडगा वजनकाट्यावर ठेवून रोजच्या हाताने ड्रेसिंग ओतलं, तर 58 ग्रॅम! म्हणजे 250 कॅलरी आणि 500 मिलिग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्यातला पाव हिस्सा मी पाल्यावरच संपवत होतो, तेही पथ्य म्हणून.

डब्याचा हिशेब वेगळा. अर्धा कप टोमॅटोला जेमतेम 25 कॅलरी, फॅट नाहीच, शिवाय थोडं सी जीवनसत्त्व आणि पोटॅशियम. ताज्याच्या मानाने सी कमी, कारण ते उष्णतेने जातं. पण लायकोपीन, ज्याने टोमॅटो लाल दिसतो, ते शिजवल्यावर शरीराला जास्त सहज मिळतं. मात्र डबाही अगदी साधा नाही. मीठ घातलेल्या डब्यात अर्ध्या कपाला सुमारे 200 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि सार करताना आपला हात सवयीने पुन्हा मिठाच्या बरणीकडे जातो. मी आता बिनमिठाचाच आणतो.

बाटलीला सरसकट नावं ठेवणार नाही. लायकोपीन काय किंवा गाजरातलं कॅरोटीन काय, अंगी लागायला थोडं तेल लागतंच. कोशिंबिरीवर फोडणी घालणाऱ्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं. मध्यंतरी हौसेने फॅट-फ्री ड्रेसिंगही आणलं, ते फसलं: तेल काढून साखर वाढवलेली, चव औषधी सिरपसारखी. निम्मी बाटली टाकून दिली.

आता सॅलडवर चमचाभर तेलात मोहरी-हिंगाची फोडणी, लिंबू, दाण्याचं कूट. रँच मुलाला गाजर बुडवायला लागतं म्हणून आहे, पण वाटीत मोजून.

डब्याबद्दल दोन गोष्टी. फोडी केलेल्या टोमॅटोत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं, फोडी घट्ट राहाव्यात म्हणून. रश्श्यात त्या तासभर उकळल्या तरी विरघळत नाहीत. माझी पहिली पावभाजी त्यामुळेच खड्यांसारखी लागली. सारासाठी घटकांत ते नसलेला डबा बघा. आणि उरलेलं डब्यातच फ्रीजमध्ये ठेवू नका, दुसऱ्या दिवशी पत्र्याची चव येते. काचेच्या बरणीत काढा. काढताना झाकणाची कड जपा, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.